गार्डीणबाईंची कुंदलेखा

आमच्या सासूबाईंनी एकदा एका कादंबरीतल्या राजकन्येसाठी संकष्टीचा उपास धरला होता. थट्टा नाही करत मी. राजकन्येची सावली हरवली होती आणि ती परत मिळेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरेना. बरं, संकष्टी सोडायची ती चंद्र बघून, आणि लोणावळ्यात आषाढात चंद्र दिसणार कुठून? तिथं धुक्यात समोरच्या ओळीतलं दार दिसत नाही. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पंचांग पुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, चंद्रोदय होऊन गेला असं छापलंय इथं. जेव आता." त्यावर या म्हणाल्या, "छापलंय ना? मग झालाच असेल," आणि पान वाढून घेतलं. ही माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मामंजींनी मला ती किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी सांगण्याआधी ते स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून घ्यायचे.

मामंजी मालगाडीवर गार्ड होते, म्हणून साऱ्या रेल्वे चाळीत या गार्डीणबाई. मास्तरांची ती मास्तरीण, गार्डाची ती गार्डीण, असा तेव्हा रिवाजच होता. बायकांची खरी नावं माहेरीच राहून जायची. मी त्यांना 'आई' म्हणायची, पण मनातल्या मनात त्या मलाही गार्डीणबाईच होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून कानाला दोरा अडकवलेला. आवाज मात्र असा खणखणीत, की घाट चढून आलेलं इंजिन मागच्या बाजूला धापा टाकत उभं असलं तरी त्यांचं बोलणं शेवटच्या खोलीपर्यंत पोचायचं. त्या आवाजाला चाळीत मोठा मान होता, कारण रोज दुपारी त्या सगळ्या बायकांना कादंबरी वाचून दाखवत.

पावसाळ्याचे चार महिने बायका जाणार तरी कुठे? घरोघर शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लुगडी वाळत टाकलेली, सगळीकडे धुराचा आणि दमट कपड्यांचा वास. जेवणखाण, आवराआवर झाली की एकेक जण पदर डोक्यावर घेऊन पळत आमच्या पडवीत यायची. कुणी वातींचा कापूस आणायची, कुणी निवडायचे तांदूळ. मग गार्डीणबाई चष्मा लावून बसायच्या. त्यांची एक शिस्त होती. दुपारी वाचायचं प्रकरण त्या सकाळी एकट्या बसून आधी वाचून ठेवत, म्हणजे मोठ्यानं वाचताना कुठे अडखळायला नको. आणि दुसरी शिस्त अशी, की एक ओळ म्हणून गाळायची नाही. एकदा अरण्याचं वर्णन सुरू झालं ते संपेचना. मास्तरीणबाई कंटाळून म्हणाल्या, "अहो, ती झाडं राहू द्या ना. राजकन्येचं काय झालं तेवढं वाचा." यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लिहिणाऱ्यानं हौसेनं झाडं लावलीयत. मी कोण उपटणारी?" आणि सगळं अरण्य वाचून दाखवलं.

कुसगावहून दूध घालायला येणारी ठकूमावशी रतीब आटोपून परत जाताना रिकामी चरवी घेऊन दाराशी टेकायची. तिला कादंबरीतली एकच काळजी. "आवो गार्डीनबाई, एवढा मोटा राजा, मंग त्याच्या म्हशी कोन राखतं?"

"ते नाही लिहिलेलं, मावशी."

"लय घाईत लिवलंय मंग," असं म्हणून ती तपकीर ओढायची.

आता ती कादंबरी. तिचं खरं नाव लांबलचक होतं; चाळीत सगळ्या तिला 'सरोवर' म्हणत. अभ्रकेतू नावाचा एक गंधर्व असतो. धूम्रा नावाची यक्षिणी त्याला शाप देते आणि तो सरोवराच्या काठी दिवसभर दगड होऊन पडतो, फक्त चांदण्यात माणूस होतो. राजकन्या कुंदलेखा त्याच्यावर जीव लावते आणि त्याला सोडवण्यासाठी आपली सावली सरोवराला देऊन टाकते. शेवटी धूम्रा स्वतःच्याच मंत्रानं एका कोरड्या विहिरीत कोंडली जाते, कुंदलेखेची सावली तिला परत मिळते, आणि दोघांचं लग्न लागतं. खाली छापलेलं असतं, 'पूर्वार्ध समाप्त'. उत्तरार्ध लवकरच निघणार अशी जाहिरातही मागच्या पानावर होती. पण लवकरच म्हणजे किती, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. गार्डीणबाईंना त्याची घाई नव्हती. त्या म्हणत, "लग्न झालं, सुखात नांदायला लागली. आता राहिलं काय? पाळणा हलेल, बारसं होईल. फार तर जुळं."

आणि याच भरवशावर त्यांनी त्या राजकन्येचं नाव उचलून मला दिलं.

मी तळेगावची. माहेरची यमुना. आई मी लहान असतानाच गेलेली, आत्यानं वाढवलेलं. आमचे हे लोणावळ्यालाच तार खात्यात लागले होते. लग्न होऊन मी घरात आले, लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरून आमच्या यांच्या हातात अंगठी दिली आणि नाव लिहायला सांगितलं. आपल्याकडे तेव्हा सीता, सावित्री, फार तर सुशीला. यांनी 'कुं' लिहिलं, 'द' लिहिलं, 'ले' लिहिलं आणि ताट संपलं. 'खा' ताटाच्या काठावर चढवावा लागला. पाठराखीण म्हणून आलेली माझी आत्या वाकून बघते तो काय! "अगं बाई, हे कसलं नाव?" ती पुटपुटली. गार्डीणबाई मात्र असं तोंड भरून हसत होत्या, की त्यांच्या घरी खरंच कुठली राजकन्या उतरली असावी. त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "ये, कुंदलेखा." त्या कधी कुंदा म्हणाल्या नाहीत, कुंदे म्हणाल्या नाहीत. भाजी चिरायला बोलवायचं असलं तरी अख्खं कुंदलेखा.

माझे लाड मात्र विचारू नका. बरोबरीच्या मुली सासरी पाणी भरून वाकलेल्या, आणि मी फणी घेऊन सासूच्या पुढ्यात बसलेली. कुंदलेखेचे केस पुस्तकात गुडघ्यापर्यंत होते, माझे पाठीवर येऊन थांबलेले. म्हणून माक्याचं तेल, शिकेकाई, रोजची वेणी. उन्हातून चालत आले की त्यांची नजर हळूच माझ्या पायांशी जायची. सावली आहे ना, बघायच्या! मी ते पाहिलं आणि मला हसू आलं. पण मला एक प्रश्न तेव्हापासून पडायला लागला होता. ही बाई एवढी माया करते, ती कुणावर? माझ्यावर, की त्या सरोवरकाठच्या मुलीवर? मी यमुना म्हणून या घरात आले असते तर हिनं माझ्याकडे ढुंकून तरी पाहिलं असतं का? आईविना वाढलेल्या पोरीला मायेची एवढी सवय नसते, त्यामुळे ती मिळाली की आधी ती कुणाची आहे हे बघावंसं वाटतं. विचारणार कुणाला? आणि विचारलं आणि उत्तर भलतंच आलं तर?

लग्नाला दोन पावसाळे झाले असतील-नसतील, मामंजींनी पुण्याहून उत्तरार्ध आणला. त्यांच्या गार्डाच्या पेटीत, हिरव्या-तांबड्या बावट्यांच्या मध्ये, पंच्यात गुंडाळून. गार्डीणबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. नव्या पुस्तकाची पानं तेव्हा कडेनं जोडलेलीच यायची. ती कापत त्या सकाळचं प्रकरण वाचायला बसल्या आणि त्या दिवशी त्या उठल्याच नाहीत. आमटी मी केली. दुपारी बायका आल्या तर म्हणाल्या, "आज नको. पानं कापायचीयत अजून." दुसऱ्या दिवशीही पानं कापायचीच होती. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "एवढी पानं आहेत तरी किती हो? आमच्याकडची विळी देऊ का?" त्यावर या काही बोलल्या नाहीत. या काही बोलल्या नाहीत म्हणजे चाळीत मोठीच बातमी.

मी फणी घेऊन पुढ्यात बसले. "तुझी तू विंचर," त्या म्हणाल्या. नाव घेतलं नाही. मग माझ्या ध्यानात आलं, की त्या दोन दिवसांत त्यांनी मला नावानं हाकच मारली नव्हती. नुसतं 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'. सासू रागावली असली तर कळतं, काय चुकलं ते विचारता येतं, पाया पडता येतं. या रागावल्या नव्हत्या. त्या मला न्याहाळत होत्या. मी पोळी लाटताना, देवापुढे दिवा लावताना, नवऱ्याला पान वाढताना. जणू मी आजच घरात आले होते आणि माझी नीट चौकशी करायची राहून गेली होती.

आमच्या मागल्या अंगणात चाळीची विहीर होती. पाला पडू नये म्हणून पाणी भरून झालं की तिच्यावर फळ्या ओढायच्या, हे काम माझं. त्या संध्याकाळी मी फळी ओढली आणि मागे वळले, तर गार्डीणबाई दारात उभ्या, चेहरा पांढराफटक. "काय झालं, आई?" मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "त्या फळ्या उद्यापासून मी ओढत जाईन." माझं धाबं दणाणलं. मी असं काय केलं होतं? मला वेड लागायची पाळी आली, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही अशी लागली की जेवण जाईना. उत्तर त्या पुस्तकात होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

गार्डीणबाई देवळात पुराणाला गेल्या तशी मी ते काढलं आणि चुलीशी बसून वाचलं. मराठी चौथीपर्यंत शिकलेली मी, एकेका ओळीवर बोट ठेवून जायची. पण त्या दिवशी बोट माझ्या मागून येत होतं.

उत्तरार्धात सगळं उलटंपालटं झालेलं. धूम्रा, जिला पूर्वार्ध पुन्हा पुन्हा ऐकताना आम्ही सगळ्याजणींनी बोटं मोडमोडून शिव्या घातल्या होत्या, ती त्या गंधर्वाची पहिली बायको निघाली. त्यानं तिला टाकली होती, आणि त्या दुःखात तिच्या तोंडून शाप गेला होता. कुंदलेखा राणी झालेली, सुखात असलेली, एक दिवस त्या कोरड्या विहिरीशी जाते आणि आतून आवाज येतो. धूम्रा तिला सगळं सांगते आणि म्हणते, मला फक्त बाहेर काढ, मी निघून जाईन. आणि कुंदलेखा काय करते? ती सेवकांना बोलावते आणि विहिरीच्या तोंडावर शिळा बसवून घेते. नवऱ्याला एका शब्दानं कळू देत नाही. म्हातारपणी कुंदलेखा ती शिळा काढवून घेते, तेव्हा आत कुणीच नसतं, नुसतं पाणी साचलेलं असतं. संपलं पुस्तक.

तर हे होतं! आमच्या फळ्यांचा आणि राणीच्या शिळेचा संबंध मला आत्ता कळला. हसावं की रडावं? माझ्या सासूनं मला एका चांगल्या मुलीचं नाव दिलं होतं आणि ती मुलगी दोन वर्षांनी वाईट निघाली होती.

पण मला त्याहून मोठं नवल माझं वाटलं. पूर्वार्धातली कुंदलेखा मला कधी आवडलीच नव्हती. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण नव्हती. ती कधी चिडायची नाही, तिला कधी भूक लागायची नाही, पायात काटा मोडला तरी कमळासारखं हसायची. असल्या मुलीचं नाव घेऊन जगणं म्हणजे दुसऱ्याचं पैठणी लुगडं नेसून भांडी घासण्यासारखं होतं. आणि उत्तरार्धात शिळा बसवून ती महालात येते, नवऱ्याला वाढते, स्वतः पानावर बसते आणि तिला पहिला घास गिळवत नाही. तेवढी एक ओळ होती. ती वाचली आणि मी चुलीपुढे मोठ्यानं म्हणाले, "अगं बाई!" ती मला पहिल्यांदा माणसासारखी वाटली. तिनं केलं ते वाईटच होतं, पण ती मला ओळखीची वाटली. नाव मला त्या दिवशी अंगाला बसलं.

आणि नेमकं तेव्हाच गार्डीणबाईंनी ते काढून घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी भटजींना बोलावलं. मी आतून ऐकत होते.

"सुनेचं नाव बदलायचंय."

"का हो? पत्रिकेत काही निघालं?"

"पुस्तकात निघालं."

भटजींनी सगळं ऐकून घेतलं, मांडी बदलली आणि म्हणाले, "बाई, मुलीचं नाव लग्नात बदलतं. पुन्हा बदलायचं तर पुन्हा लग्न लावावं लागेल. आता नवरा तोच ठेवायचा की तोही बदलायचा, तेवढं आधी सांगा." पडवीत मामंजींना असा ठसका लागला की पाणी न्यावं लागलं. भटजी चहा घेऊन गेले, पण गार्डीणबाई हार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवलं.

"बघ, मी ठरवलंय. आपण आपलं घरातल्या घरात बदलू. लक्ष्मी म्हणू तुला. चांगलं घरंदाज नाव आहे."

त्या घरात मी तोवर कशाला नाही म्हटलं नव्हतं. मीठ जास्त झालेल्या भाजीलाही नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "नको."

"नको?" त्यांनी चष्मा नीट केला. "का गं?"

"मी उत्तरार्ध वाचलाय, आई."

त्या मला रागावतील असं वाटलं होतं. पण त्या पुढे सरकल्या. वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्या वाचणाऱ्याचं मत ऐकायची जी खाज असते, ती सासूपणाहून मोठी निघाली. "सगळा? मग? तुला काय वाटलं तिच्याबद्दल?"

"मला ती आता आवडायला लागली."

"आवडायला लागली! अगं, तिनं एका बाईला जितंजागतं गाडलं! आणि मी, मूर्ख, तिच्यासाठी संकष्ट्या करत बसले होते!"

"वाईटच केलं तिनं. पण तिला घास गिळवला नाही, ते वाचलंत ना? आधी तिला कुठे काही होत होतं? आधी ती चित्रातली होती."

गार्डीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच, अगदी पडत्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू झाकली असतीस? विहीर?"

'छे, छे' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. लक्ष्मी होऊन मी पुन्हा फणी घेऊन पुढ्यात बसले असते. पण त्या मला विचारत होत्या, कुंदलेखेला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मला काहीतरी विचारत होत्या. मी म्हणाले, "माहीत नाही, आई. कदाचित झाकली असती. मला फार भीती वाटते."

"कसली?"

ते मात्र मला सांगता येईना. मी मान खाली घातली.

बाहेर गाडी घाटात उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबली होती, ती हलली. मग त्या म्हणाल्या, "त्या बाईनं नवऱ्याला जन्मभर एक शब्द सांगितला नाही. तू विचारल्याबरोबर सांगितलंस. राहू दे नाव. ऊठ, भात लाव." आणि मी दारापर्यंत गेले तशी मागून हाक आली, "आणि हे बघ, कुंदलेखा, फळ्या तूच ओढत जा. माझी कंबर गेली."

त्याच दुपारपासून उत्तरार्ध पडवीत सुरू झाला. माझी कल्पना होती, शिळेचं प्रकरण आलं की त्या ते गाळतील, निदान सौम्य करतील. सुनेच्या नावाला चाळभर बट्टा लागणार होता. पण नाही! त्यांनी एक ओळ सोडली नाही. सगळ्या बायकांच्या नजरा पुस्तकावरून निघून माझ्यावर. मास्तरीणबाई हसत म्हणाल्या, "काय हो कुंदलेखा, तुमच्या विहिरीत कोण आहे?"

गार्डीणबाईंनी चष्मा काढला. "आमच्या विहिरीतलं पाणी तुम्ही रोज पिता, मास्तरीणबाई. खारट लागलं का कधी?" आणि चष्मा लावून पुढे वाचायला लागल्या. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. फक्त ठकूमावशी चरवी उचलताना म्हणाली, "पर त्या गंधरवाला कुनी काय बोललंच न्हाई की. दोन बायका येकीनं आत, येकीनं भाईर रडायचं, आन ह्यो आपला जेवतोय." तिला वाईट वाटलं ते मात्र म्हशींचंच. दुसऱ्या भागातही त्यांचा पत्ता नव्हता.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघी कुंदलेखेवरून भांडलो. पापड लाटताना, बाळंतिणीला शेक देताना, मुलांची आजारपणं काढताना. त्या धूम्रेच्या बाजूनं, मी कुंदलेखेच्या. आमचे हे कामावरून आले की म्हणायचे, "आज कोण जिंकलं?" त्या म्हणायच्या, "तुझ्या बायकोला बाजू कुणाची घ्यावी कळत नाही, पण घेते मात्र चांगली." त्या पुस्तकानं त्यांची एक सवय मोडली आणि एक लावली. आधी त्या माणसं झटकन निकालात काढायच्या. ही चांगली, ती कजाग. नंतर कुणाबद्दल काही कानावर आलं की म्हणायच्या, "हा पूर्वार्ध झाला. पुढचं येऊ दे." ड्रायव्हरसाहेबांची मुलगी सासर सोडून परत आली तेव्हा चाळीत काय काय बोललं गेलं! कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावीना. यांनी तिला हाताला धरून पडवीत आणली, आपल्या शेजारी बसवली आणि वाचायला सुरुवात केली. दोघी-तिघी उठून गेल्या. या वाचत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्या दोघी-तिघी परत आल्या, कारण गोष्ट अर्धीच राहिली होती.

मामंजी गेले, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गार्डीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दुसरी लढाई चालू होती. घाटातून लष्कराच्या गाड्या जायच्या, रॉकेल मिळायचं नाही, वाचायचं ते उजेड आहे तोवर. आता मी वाचायची आणि त्या खाटेवर पडून ऐकायच्या. माझं कुठे अडखळलं की हूं करायच्या. सकाळी वाचून ठेवायला हवं होतं, असा त्याचा अर्थ. त्या गेल्या त्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी त्यांनी उत्तरार्ध काढायला सांगितला. मी वाचत गेले. शिळेचं प्रकरण आलं. सेवक आले, त्यांनी दोर लावले, शिळा सरकली, कुंदलेखा बघत उभी राहिली.

"थांब," त्या म्हणाल्या. "ती तेव्हा काय विचार करत होती गं?"

"ते दिलेलं नाही, आई."

"दिलेलं नाही ते मला ठाऊक आहे. तू सांग."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. घरात कुणी नव्हतं. त्यांचे डोळे छताकडे होते, तिथं त्यांना काही दिसत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच मला बोलता आलं.

"तिला वाटलं असेल," मी म्हणाले, "की ही जी माया मिळतेय ती आपली नव्हेच. ती दुसऱ्याच कुणाची आहे, आपल्याकडे चुकून आलीय. खरी मालकीण बाहेर आली, की ती परत द्यावी लागेल. आणि मग आपल्याकडे काहीच राहणार नाही. म्हणून झाकली."

मला वाटलं, गार्डीणबाईंचा डोळा लागला. मग त्यांनी हात चाचपत पुढे केला, माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"आणि द्यावी लागली का गं परत?"

आई राजकन्येबद्दल विचारत नव्हत्या, हे मला कळलं. त्यांनाही कळलं, की मला कळलंय.

"नाही, आई," मी म्हणाले.

"मग वाच पुढे."

मी पुस्तक उचललं, पण मला अक्षर दिसेना. त्यांनी वाच म्हणून पुन्हा घाई केली नाही. मनगट धरून तशाच पडून राहिल्या, आणि मी नाक ओढून, डोळे पुसून पुढची ओळ शोधेपर्यंत थांबल्या.